बस्ते दाखवणारा विपुल

अकोल्याच्या आमच्या कापड दुकानात विपुल लग्नाचे बस्ते दाखवायचा. मी बिलाच्या काउंटरवर. बाळापूरकडची माणसं दारातूनच विचारायची, "विपुलभाऊ आहे नं?" मग तो शालू स्वतःच्या खांद्यावर घेऊन पदर असा सोडायचा, की नवरीची आजीसुद्धा लाजायची. दुपारी पांढऱ्या गादीवर सगळ्यांचे डबे उघडायचे. विपुलच्या डब्यातला ठेचा आधी संपायचा. तो नितेशच्या हातचा. दोघं एकाच घरात राहायचे. लोक रूम पार्टनर म्हणायचे. मला समजत होतं. विचारायची गरज वाटली नाही.

पगारवाढ दिवाळीत व्हायची. पियुष विपुलच्याच हाताखाली शिकला. त्याचं लग्न झालं आणि त्याचा पगार विपुलच्या पुढे गेला. शेठ दरवर्षी हसत म्हणायचे, "तुले कुठं बायको-पोरं पोसा लागते? लगन कर, वाढवतो."

एका दिवाळीत विपुलनं हातातली साडी खाली ठेवली.

"शेठजी, मले बायको नाही, अन् होणारही नाही. पण घर आहे. मी अन् नितेश संसारच करून राहिलो. पगार कामाचा असते का लग्नाचा?"

शेठ मान वळवून म्हणाले, "हे मले काहून सांगतं?"

वाढ मिळाली नाहीच. वर त्याला गोदामात बसवलं. गिऱ्हाइकांना सांगायचं, तो सुटीवर आहे. लग्नसराई कशीबशी काढून विपुल अमरावतीला गेला. तिथल्या दुकानाच्या मालकीण सत्यभामाबाई. त्यानं पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "ते तुमच्या घरचं. मले बस्ता लावून दाखवा." पगार इतरांच्या बरोबरीनं ठरला. नितेशनंही तिकडेच बिऱ्हाड हलवलं.

यंदा लेकीच्या बस्त्याला मी मुद्दाम अमरावती गाठली. खरेदी झाल्यावर दोघं मला घरी जेवायला घेऊन गेले. विपुलच्या कानशिलावर पांढरे केस आलेत. पण जेवताना विषय एकच, अकोल्याचं दुकान.

"सकाळी शटर उघडलं का नव्या साड्यांच्या खळीचा जो वास येये नं वर्षालीताई, तो इथं नाही येत."

नितेश वैतागला. "ज्यायनं तुले गोदामात बसवलं, त्यायचीच याद काढून राहिला!"

"तिथंच तं हात बसला माहा," विपुल म्हणाला. मग माझ्या ताटात भाजी वाढत हळूच विचारलं, "शेठचे गुडघे कसे आहेत आता?"