सतरा नंबरचा तुकडा

धुकं इतकं दाट होतं की सकाळचे आठ वाजले तरी रस्त्यावरचे दिवे जळत होते आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतून समोरची भिंतसुद्धा दिसत नव्हती. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांची नजर बर्फावर ठेवलेल्या काचेच्या ताटलीवर. ताटलीत मेंदूचा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा, दगडासारखा गोठलेला. तो वितळायच्या आत कापायचा, तोलायचा आणि नळीत सोडायचा. चिमटा जरा सैल पडला की तुकडा टुणकन उडणार आणि गेला फरशीवर.

सव्वीस वर्षं बाई हेच करत होत्या. आल्या तेव्हा बाटल्या धुवायला आल्या होत्या. धुता धुता, बघून बघून काम उचललं. आता नळीत क्लोरोफॉर्म किती ओतायचा ते मोठे सरही त्यांना विचारत. ओतून हलवलं की मेंदूचे थर होतात. वर पाणी, तळाला चरबी आणि मधे प्रथिनांची पांढरी चकती. ज्यांच्या डोक्याला मार बसला, ज्यांची आठवण गेली, अशा माणसांची चरबी आणि प्रथिनं मोजायची. धडधाकट मेलेल्यांशी ताडून बघायची. एवढंच काम. बाईंनी लग्न केलं नाही. केलं असतं तर हिनं नवऱ्यालाही कपाटात उणे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवलं असतं, असं त्यांचा दादा म्हणायचा.

दादा आता स्वतःच उणे ऐंशीवर होता.

फुटबॉलच्या मैदानावर त्याला सगळे ‘ढाल’ म्हणत. बावीस वर्षं बचावफळीत उभा राहिला आणि येईल तो चेंडू कपाळावर घेतला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घराचा रस्ता चुकायला लागला. मग संताप. एकदा वहिनीला चोर समजून त्यानं गॅलरीत कोंडलं आणि आतून कडी लावून ढाराढूर झोपला. लोक म्हणाले, ढोसतो. ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही त्याला लोक दारुडा म्हणाले, आणि वहिनी ते ऐकत राहिली. तो गेला तेव्हा बाई तिच्याजवळ बसून म्हणाल्या, “वहिनी, मेंदू आम्हाला दे. खरं काय ते निघेल.” वहिनीचा भाऊ अंगावर धावून आला, “मेल्यावरही त्याचं डोकं फोडता का?” वहिनीनं सही केली. मेंदूचा बहुतेक भाग औषधात ठेवून तपासला गेला. अहवाल आला, जुन्या माराच्या खुणा दिसतात, ठाम सांगता येत नाही. राहिला गोठवून प्रयोगशाळेत पाठवलेला लहानसा तुकडा. वहिनीची सगळी भिस्त त्याच्यावर. दर महिन्याला तिचा मोठ्या सरांना फोन यायचा.

कुप्यांवर नावं नसतात, आकडे असतात; नावांची यादी फक्त सरांकडे. पण दादाचा डबा आला त्या दिवशी दारात सही करून घेणाऱ्या बाईच होत्या. सतरा नंबर. आपल्या माणसाला आपण हात लावायचा नाही हा नियम, म्हणून कुणाला न सांगता त्यांनी सतरा कधी कापला नाही. एकटा सतरा वगळला तर कुणी विचारलं असतं, म्हणून मार बसलेल्या बाराही जणांचं काम त्यांनी पीएचडी करणाऱ्या पोरीकडे, पीएचडीवालीकडे जाऊ दिलं. धडधाकट दहा बाईंकडे.

नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात लावून बाई चहाला निघाल्या, तर भिंतीवर नवा आलेख. खाली घोळका.

“बाई, सापडलं!” पीएचडीवाली नाचायचीच बाकी होती. “नवीन चरबी! बाराच्या बारात आहे, तुमच्या दहांत एकातही नाही. चार वाजता सर लेख पाठवतायत.”

बाईंचा हात फोनकडे गेला. वहिनीला आत्ताच फोन करावा असं वाटलं. चष्मा पुसून त्या आलेखाजवळ गेल्या. बारा सुळके. शेजारी शेजारी, सारख्या उंचीचे, शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे.

“सगळे सारखे कसे गं?”

“म्हणजे?”

“बारा माणसांच्या पायातले जोडे एका मापाचे नसतात. मेंदूतली चरबी बरी एका मापाची निघाली!”

“बाई, तुम्हाला कशातच आनंद होत नाही,” मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

बाई हसल्या नाहीत. “कुठल्या नळ्या घेतल्यास?”

“नळ्या? त्या… पारदर्शक, टोपणवाल्या.”

“प्लास्टिकच्या?”

“तुम्ही रजेवर होतात ना, वहिनींच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. काचेच्या संपल्या होत्या. धुवायला अख्खा दिवस जातो, बाई.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्लोरोफॉर्म प्लास्टिकला चाटून काढतो. प्लास्टिक साच्याला चिकटू नये म्हणून कारखान्यात त्यात चरबीसारखाच एक पदार्थ घालतात. तो सुटतो आणि यंत्राला ती चरबीच वाटते. इथं बाटल्या धुणाऱ्या माणसालासुद्धा पहिल्या दिवशी हेच सांगतात. चरबीला काच. बस्स. बाईंनी आपले दहाही काचेतच केले होते.

“बारांचं उरलंय किती?” त्यांनी विचारलं.

“अकरांचं आहे थोडं थोडं. सतराचा तुकडा लहान होता आणि पहिल्या वेळी यंत्र बंद पडलं, म्हणून दुसऱ्यांदा… सतरा संपला.”

“मधली प्रथिनांची चकती तरी ठेवलीस?”

“टाकली.”

बाईंनी पुन्हा आलेखाकडे पाहिलं. बोलायचं नाही ठरवलं तर आलेखात दादा राहत होता. बारातला एक. वहिनीला सांगता आलं असतं, निघालं गं, मारामुळेच झालं. चार वाजता लेख गेला असता. कोण बघायला येणार होतं?

“दहा मिनिटं मोजायच्या यंत्राजवळ कुणी येऊ नका,” त्या म्हणाल्या आणि कपाटातून एक कोरी प्लास्टिकची नळी काढली. क्लोरोफॉर्म ओतला. मेंदू नाही, काही नाही. हलवली, तळातला थेंब यंत्राला दिला आणि कागद हातात येईपर्यंत उभ्याच राहिल्या.

सुळका आला. तोच, त्याच जागी, तेवढाच उंच.

मोठ्या सरांच्या खोलीत त्यांनी दार ठोठावलं नाही. कागद टेबलावर आपटला. “हा मेंदू कुणाचा सांगा, सर.”

सरांनी पाहिलं. “छान आलाय. किती नंबर?”

“नंबर नाही. नळी आहे. रिकामी.”

सर म्हणाले, “पहिल्या चार जणांवरूनच मागच्या महिन्यात परिषदेत मी हे दोनशे लोकांपुढे सांगितलंय, बाई. हे आत्ता सांगताय?”

“आत्ता कळलं म्हणून आत्ता. काल कळलं असतं तर कालच बोंब मारली असती.”

“पोरीची चूक आहे. तिचं वर्ष जाईल.”

“तिचं वर्ष जाईल! आणि ज्यांनी आपल्या माणसाचं डोकं तुमच्या हवाली केलं त्यांचं काय? धुवायचा कंटाळा आला म्हणून? तुम्ही तरी एकदा विचारायचं, कशात केलंस? दोनशे लोकांपुढे उभे राहिलात, नळी नाही बघितलीत!”

दारात पीएचडीवाली येऊन उभी होती, रडवेली. सरांनी कागद दोनदा उलटा केला, जणू मागे काही बरं लिहिलेलं असेल.

“पुन्हा करायचं तर सतरा बाद होईल,” ते हळूच म्हणाले. “त्याची बायको दर महिन्याला फोन करते. तिला कोण सांगणार?”

“मी सांगते. वहिनी आहे माझी.”

सर उठून उभे राहिले. “बाई, तुम्ही हे कधी बोलला नाहीत…”

“बोलून काय करणार होतात? काचेची नळी दिली असतीत?”

लेख थांबला. सरांनी अकरा जणांचं काम बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, मी नाही करणार, हिच्याकडून करून घेईन, समोर उभी राहून. पीएचडीवालीनं मान डोलावली.

फोन बाईंनी जिन्यात उभं राहून केला. आडपडदा न ठेवता सांगितलं.

“म्हणजे फुकट गेला?” वहिनी म्हणाली.

“तो तुकडा गेला. आमच्या हातून.”

“तू नव्हतीस ना पण?”

“मी नव्हते. पण आमच्याच हातून गेला.”

“मग ओरडलीस का कुणाला?”

“ओरडले.”

“कमी ओरडली असशील. मला ने उद्या.” वहिनीनं फोन ठेवला नाही. “तुझ्या सरांसमोर बसते आणि सांगते, तो दारू पीत नव्हता. कागदावर नाही तर नाही. तोंडानं सांगते.”

“ये,” बाई म्हणाल्या. “नऊला ये. त्याआधी सर येत नाहीत.”

त्या परत आत आल्या. उणे ऐंशीच्या कपाटाचं दार नीट लागत नव्हतं. रबरावर बर्फ चढला होता. बाईंनी जाड हातमोजे चढवले, लाकडी खरवडणी घेतली आणि वरच्या कोपऱ्यापासून बर्फ खरवडायला लागल्या.