दहा मिनिटांच्या वरचं बोलणं

अमेरिकेत पिस्कॅटवेला आल्यावर पहिलं वर्ष मी कपडे धुण्यात काढलं. कपडे दोघांचेच, पण विद्यार्थ्यांच्या वसाहतीतल्या सामायिक लाँड्रीत निदान माणसं तरी दिसायची. नवरा पीएच.डी. करत होता आणि माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. त्याच लाँड्रीतल्या फळ्यावर एक दिवस कागद दिसला: माणसांचं एकमेकांशी बोलणं आणि मनाचं आरोग्य यावरच्या संशोधनासाठी स्वयंसेवक हवेत. मानसशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण रिकामटेकडेपणात मला कोण हरवणार? दिलं नाव.

संशोधन करणारी मुलगी माझ्याच वयाची, उंच, सारखी नखं कुरतडणारी. तिचा प्रबंध आमच्यासारख्यांच्या उत्तरांवर उभा राहणार होता. तिने मला सात पानं दिली, दिवसाला एक. कुणाशी दहा मिनिटांच्या वर बोलणं झालं तर ते लिहायचं: कोण, किती वेळ, नंतर कसं वाटलं. बस, एवढंच.

पहिल्या दिवशी नवऱ्याशी झालेलं बोलणं असं: "दूध संपलंय." "आणतो. दिवस कसा गेला?" "छान." दुकानातली बाई 'हॅव अ नाइस डे' म्हणाली, तेही धरलं तरी दोन मिनिटं भरेनात. पान कोरं. आता, पेपर कोरा ठेवायचा नाही, काहीतरी लिहूनच उठायचं, हे आमच्या शाळेने हाडीमाशी भिनवलेलं. शिवाय ही परकी मुलगी माझ्या संसाराबद्दल काय म्हणेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. मग इथल्या गणपतीत एकदाच भेटलेल्या, मूळच्या नागपूरच्या काकूंना मी त्या पानावर चहाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं. तिसऱ्या दिवशी मी शेजारणीला पोहे शिकवले. आठवडा संपेपर्यंत माझ्याकडे इतकी वर्दळ झाली की माझा मलाच हेवा वाटायला लागला.

पानं वाचताना त्या मुलीचा चेहरा खुलला. "इतका भरलेला आठवडा अजून कुणीच आणला नाही," ती म्हणाली. "मला पण अशी काकू हवी होती." प्रोफेसरांना दाखवायला तिने ती पानं वेगळी काढली. या बिचारीच्या प्रबंधात माझ्या थापा जाणार होत्या. मी खरं काय ते सांगून टाकलं.

"मग या आठवड्यात तू कुणाशी बोललीस?" तिने विचारलं.

"कुणाशीच नाही," मी म्हटलं आणि रडायलाच लागले. वर्षभरात ते वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं होतं. ती रागावली नाही. टिश्यूंचा खोका माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःही त्यातला एक घेतला. मग जुनी पानं रद्द करून तिने मला नवी सात दिली. "कोरं राहिलं तर कोरंच आण. तेही मला हवंय."

दुसऱ्या आठवड्यात मी इमानदारीने कोरी पानं ठेवली. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते, तेव्हा नवऱ्याने टेबलावरची ती पानं उचलली. वरची सूचना वाचली, एकेक पान उलटलं.

"यात मी कुठेच नाही?"

"दहा मिनिटांच्या वर असेल तरच लिहायचं असतं."

तो खुर्चीवर बसला. "अगं, मी रोज विचारायचो. तू रोज छान म्हणायचीस."

खरं होतं. वर्षभर मी मनातल्या मनात त्याच्यावर चिडत होते, आणि तोंडाने छान म्हणत होते. मी गॅस बंद केला. "छान नसतं रे," मी म्हटलं. "तू गेलास की परत येईपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलत नाही."

त्याने त्या पानांच्या कडा जुळवल्या आणि म्हणाला, "लॅबमधे आम्ही सगळे मिळून लंच करतो, असं मी तुला सांगतो ना? तसं काही नाहीये. डब्याचा वास येतो म्हणतात. मी रोज गाडीत बसून जेवतो."