शेवटच्या साइजचा पिस्टन

कुठलीही गोल वस्तू दिसली की आमच्या दादांचं बोट आत गेलंच म्हणून समजा. कँटीनचा ग्लास असो, पाण्याचा पाइप असो, नाहीतर वहिनींचं पातेलं. आतून नख फिरवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "आजून एक साइज निघंल." त्याच ग्लासातून आपल्याला चहा प्यायचा असायचा, पण बोलणार कोण?

महापेच्या आमच्या कारखान्यात दादा स्टोअर सांभाळायचे आणि मी शेजारच्या टेबलावर डिस्पॅच. माणूस तुर्भ्याजवळच्या गावातला, आगरी, आवाज असा की फोनची गरज नव्हती. वडिलांची जुनी इंग्लिश मोटरसायकल त्यांनी जिवापाड जपली होती. वहिनींना नवरी म्हणून तिच्यावरूनच घरी आणलेलं. आता लेकीचं लग्न ठरलं होतं आणि दादा गावभर सांगून बसले होते, "पोरीला मांडवात याच गाडीवर नेनार!"

अडचण एवढीच की गाडी धूर सोडायची. थोडाथोडका नाही, मागचा सायकलवाला शिव्या देत उतरायचा. इंजिन उघडलं तर सिलिंडरच्या आत हा मोठा ओरखडा. सिलिंडर झिजला की आतून कातून थोडा मोठा करायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन बसवायचा, ही रीत. पण दर वेळी भिंत पातळ होते. दादांच्या सिलिंडरचे बहुतेक साइज त्यांच्या वडिलांच्याच काळात संपले होते. आता दोन उरले होते, शेवटचा आणि त्याच्या अलीकडचा. अलीकडचा घेतला तर ओरखडा राहण्याची भीती, शेवटचा घेतला तर पुढे कधी काही झालं की खेळ खलास.

कँटीनमध्ये सरळ दोन पक्ष पडले. अकाउंट्सवाले सगळे अलीकडच्या साइजचे, वेल्डर मंडळी शेवटच्या. मॅनेजर साहेबांनीसुद्धा डबा खाता खाता मत दिलं. सिलिंडर कातून देणारा तुर्भ्याचा लेथवाला तिसरंच बोलला. "दादा, आत नवा स्लीव्ह टाका, म्हणजे नळीच्या आत नवी नळी. गाडी परत पहिल्या साइजवर येईल."

दादा असे भडकले की विचारू नका. "माझ्या बापाच्या गाडीत परक्याचं हाड घालू?"

शेवटी त्यांनी शेवटचा साइज उचलला. "पोरीचं लगीन काय मागं उरवून करायचं असतं?" मला तर ते फारच पटलं. नवा पिस्टन त्यांनी रुमालात गुंडाळून कारखान्यात आणला आणि टेबलाटेबलावर दाखवला. बारशाला बाळ दाखवतात तसा.

लेथवाला म्हणाला, "जरा ढिला ठेवतो. तापला की पिस्टन फुगतो."

"माझा नाय फुगत. हवासुदा जाता कामा नये!"

त्याने हात जोडले आणि सांगितलं तसं कातून दिलं.

लग्नाच्या सकाळी गाडी एका किकमध्ये सुरू झाली. धुराचा मागमूस नाही! फेटा बांधलेले दादा पुढे, शालू सावरत नवरी मागे आणि सगळ्यांच्या पुढे बँड. नाचणाऱ्यांच्या चालीने गाडी सरकत होती, सरकता सरकता तापत होती. देवळाच्या वळणावर ती गपकन थांबली. किक खाली जाईना. पिस्टन फुगून आत घट्ट बसला होता.

बँड बंद पडला. मुहूर्त जवळ आलेला. कुणीतरी म्हणालं, रिक्षा बोलवा. दादांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांच्याकडे बघवेना.

मागे बसलेल्या नवरीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "रिक्षा नको, बाबा. थंड होऊ दे." मग बँडवाल्यांवर ओरडली, "गप का झालाव? वाजवा की!"

मग काय! गाडी थंड होईपर्यंत नाच. करवल्या पदराने इंजिनाला वारा घालतायत, वहिनी कपाळाला हात लावून सांगतायत, "बांगडी घेताना पन हात जायला जागा ठेवतात. यांना कोन सांगनार?" किक बसली, गाडी थोडी पुढे गेली, परत अडकली, परत नाच. मी जन्मात नाचलो नव्हतो, त्या दिवशी चप्पल तुटेस्तोवर नाचलो. भटजी स्वतः रस्त्यावर बघायला आले. आणि अगदी शेवटच्या घटकेला गाडी फटफटत मांडवाच्या दारात उभी राहिली.

"बोल्लो व्हतो ना!" दादा गरजले आणि लेकीला धरून ढसाढसा रडले.

पिस्टन नंतर घासून मोकळा करून घेतला. गाडी पुष्कळ चालली. दादा गेले, तशी ती उभी राहिली.

परवा खारघरला त्यांच्या लेकीकडे गेलो, तर बाई पार्किंगमध्ये इंजिन उघडून बसलेल्या. शेवटचा साइजही झिजून गेला होता. तिने सिलिंडरमध्ये स्लीव्ह बसवून घेतला होता.

"बाबा रागावले असते," मी म्हणालो.

ती हसली. बोट आत घातलं, नख फिरवलं आणि डोळे मिटले. "आता सगलेच साइज बाकी हायेत, काका."

मला दादांची फार आठवण आली. डोळे पुसायला रुमाल काढला. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि त्यात नवा पिस्टन गुंडाळून ठेवला.