विहारातली झाकलेली फरशी

डॉक्टरनं बन्सी गवंड्याला सरळच सांगितलं. फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय, ती निघणार नाही. येता उन्हाळा दिसेल, पुढचं सांगता येत नाही. बन्सी घाटी दवाखान्यातून निघाला तो घरी न जाता उस्मानपुऱ्यातल्या बुद्धविहारात गेला. तिथं फरशीचं काम अर्धं राहिलं होतं.

जन्मभर त्यानं लोकांच्या बंगल्यांत फरशी बसवली. काम संपलं की त्या घरात पुन्हा पाय ठेवायची सोय नसे. विहाराची जमीन उखडली तेव्हा समितीतली माणसं टाइल म्हणाली. बन्सी अडून बसला. म्हाताऱ्या बाया खाली बसतात, त्यांना शहाबादी दगडाचीच फरशी पाहिजे, गार राहते. मी बसवतो, एकट्यानं.

त्याचं काम सावकाश चाले. एका दगडाची कड दुसऱ्याच्या कडेला घासून जुळवायची. सांध्यात सिमेंट भरणं म्हणजे आपली चूक बुजवणं, असं तो माने. दिवस थोडे राहिले म्हणून त्यानं हात सैल सोडला नाही. न जुळलेला दगड तो उचलून पुन्हा घासायला घेई.

डॉक्टरचं बोलणं त्यानं फक्त कडूबाला सांगितलं. कडूबा त्याचा कामावरचा जुना जोडीदार, आता समितीचा अध्यक्ष.

"वहिनीला सांगितलं का?"

"तिला कशाला? रडंल अन् काम बंद पाडंल. मला काय झालं तर बाकीची तू बसव. टाइल लावू देऊ नको."

"नाय देत. शब्द हाय माझा."

थंडीत बन्सीला दम लागला आणि घाटीत ठेवावं लागलं. घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी तो विहारात गेला. भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी टाइल. त्याच्या दगडांवरही तीच चिकटवलेली. खाली बसून त्यानं बोटानं ठोकलं. आवाज पोकळ आला.

"कसं चकाचक झालं बघ!" कडूबा मागून म्हणाला. "तुझ्या जिवाचा ताप गेला."

"शब्द दिला होतास."

"माझ्याकडं काय बघतो? वहिनीला इचार. तिनंच येऊन हात जोडले."

घरी त्याची बायको गोजरबाई भाकरी थापत होती. त्यानं उभ्यानंच विचारलं, "टाइल लावायला तू सांगितलं?"

"व्हय."

"का?"

"कडूबा भावजींनी समदं सांगितलं. डॉक्टर काय बोलला ते त्यांना ठाऊक, अन् मला नाय? मी कोण तुमची?"

"काम बंद पाडशील म्हणून नाय बोललो."

"मग पाडलं. दिसभर तिथं दगड घासायचे, अन् घरी येऊन खोकायचं. माझ्या वाट्याला काय, नुसता खोकला?"

"सगळी कामं दुसऱ्याची केली, गोजर. हे एक माझं होतं. वेळ पाहिजे होता तर मागायचा. मी दवाखान्यात पडलो असताना चोरला कशाला?"

"मागितला असता तर दिला असता?"

नसता दिला. हे त्यालाही कळत होतं. पण तेवढ्यानं राग जाईना.

तेव्हापासून तो घरीच असतो. ती वाढते, तो जेवतो. विचारलं तेवढंच बोलतो. वंदनेला ती एकटी जाते. परवा येऊन ती त्याच्याजवळ टेकली.

"काहीतरी बोला की."

"काय बोलू?"

"काय बी. त्या फरशीचंच सांगा. कशी जुळवायचात ते."

बन्सीनं तोंड उघडलं, हातही उचलले, दोन कडा जुळवून दाखवायला. मग हात मांडीवर ठेवले.

"झाकली ती," तो म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून पडला.