नर्मीन आणि भिजलेले तुर्की टॉवेल

नर्मीनला ज्या माणसानं घरी बसवलं, त्यानं आज तिच्या घरी पांढरी फुलं पाठवली.

मी ती दारातूनच परत केली.

तिची मुलगी एलिफ मागे उभी होती. म्हणाली, "थँक यू. मला जमलं नसतं."

नर्मीन आज सकाळी गेली. कॅन्सर.

मी नागपूरहून इथे परदेशात जुनी कापडं जपायचं शास्त्र शिकायला आले, तेव्हा ती आमच्या युनिव्हर्सिटीच्या तुर्की कापडांच्या कलेक्शनची क्युरेटर होती. आईच्या वयाची. पण "मॅडम नको, नर्मीन म्हण" असा हुकूम.

पहिल्याच दिवशी तिनं नवरीचे कपडे बांधायचं एक भरजरी चौकोनी कापड दाखवलं. "बोहचा."

मी म्हटलं, "आमच्याकडे बोचकं म्हणतात."

इतकी खूश झाली की पुढे मलाच बोचकं म्हणायला लागली.

मग नवे डायरेक्टर आले.

त्यांना देणगीदारांच्या पार्ट्यांसाठी आमची स्टोरेज रूम हवी होती. कलेक्शन बेसमेंटमध्ये न्यायचं ठरलं.

"तिथे डोक्यावर पाण्याचे पाइप आहेत. नको," नर्मीन म्हणाली.

"टेम्पररी आहे," ते म्हणाले.

त्याच हिवाळ्यात पाइप फुटला.

भरतकामाचे टॉवेल भिजले. लाल रेशमाचा रंग पांढऱ्या सुतात उतरला. आम्ही दोघी एकेक टॉवेल टिपत बसलो. ती रडली नाही. त्या टॉवेलांशीच तुर्कीत हळू बोलत होती, तापानं फणफणलेल्या पोराशी बोलावं तशी.

मीटिंगमध्ये डायरेक्टर म्हणाले, स्टोरेज ही क्युरेटरची जबाबदारी.

थोड्याच दिवसांत तिची "रिटायरमेंट" जाहीर झाली. वर केकही कापला.

पुढे डायरेक्टरांनाच या कापडांचं प्रदर्शन भरवायची हौस आली. काम माझ्याकडे.

"खराब झालेले पीसेस नकोत," त्यांनी बजावलं.

मी सगळ्यात डागाळलेला टॉवेल निवडला. दारासमोरच्या पहिल्याच काचेत लावला. शेजारी लेबल: "हे डाग पाण्याचे. क्युरेटरचा विरोध डावलून संचालकांनी संग्रह बेसमेंटमध्ये हलवला. तिथे पाइप फुटला."

लेबलं ते कधीच वाचत नसत.

उद्घाटनाला नर्मीन एलिफचा हात धरून आली. डोक्याला स्कार्फ, केस गेलेले.

ज्यांच्या घराण्यानं ते टॉवेल दिले होते, त्या आजींनी लेबल वाचलं. दोनदा. मग डायरेक्टरकडे वळल्या.

"हे तुम्ही केलंत?"

"तो टीमचा डिसिजन होता."

"टीममध्ये मी होते," नर्मीन म्हणाली. "मी नाही म्हटलं होतं."

डायरेक्टरांचे कान लाल झालेले मी पाहिले.

अजून आठवलं की बरं वाटतं.

आजींनी प्रकरण सोडलं नाही. कलेक्शन पुन्हा वर आलं. डायरेक्टर वर्षभरात "नव्या संधी" शोधायला गेले. माझं कॉन्ट्रॅक्टही रिन्यू झालं नाही. आता श्रूजबरीला राहते, तिथून रोज एका छोट्या म्युझियमला ड्राइव्ह करते.

पश्चात्ताप नाही.

उद्घाटनाच्या दिवशी तिला गाडीनं घरी सोडताना मी विचारलं होतं, "जास्त झालं का गं?"

"कमीच झालं," ती म्हणाली. आणि सीट मागे करून झोपली.

काही जण म्हणतील, आजच्या दिवशी तरी हे लिहायला नको होतं.

आजच हवं. उद्यापासून तो माणूस तिच्याबद्दल गोड बोलत फिरेल, आणि ती उत्तर द्यायला नसेल.

मी आहे.

नर्मीन, नीट जा. मनापासून शेवटचा नमस्कार.