उंबरदरी फाट्यावरचा सत्कार

चंद्रभागा आत्यानं आमदारांना बसच्या निवाऱ्यात कोंडून ठेवलं, ही बातमी आमच्या उंबरदरीतून तालुक्याला पोचेपर्यंत 'दोरीनं बांधलं' अशी झाली होती. नाशिकला माझ्या मामाच्या कानावर गेली तेव्हा आत्याच्या हातात कोयतासुद्धा आला होता. मामानं फोन करून विचारलं, "खरं का रे?"

खोटं. एक तर त्या निवाऱ्याला तीनच भिंती, समोरची बाजू सताड उघडी. तिथं माणूस कोंडणार कसा? दुसरं म्हणजे दोरी नव्हती, शाल होती. आणि कोयता नव्हता, कात्री होती, तीही त्या दिवशी निघालीच नाही, नंतर निघाली. आत्यानं आमदारांचा फक्त सत्कार केला. आमच्याकडं सत्काराला कुणी नाही म्हणत नाही, आणि अंगावर शाल पडली की शेवटचा गुच्छ हातात येईपर्यंत कुणी उठतही नाही. तिनं एवढंच धरून ठेवलं.

चंद्रभागा आत्या द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम. धनराजकाकांची थोरली बहीण, त्यांच्याच घरात राहते, आणि सगळा गाव तिला आत्या म्हणतो. बागेच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या बाईला "ए, काडी कुठं कापतीस" असं म्हणाली तर मधल्या चार बायाही हात आवरतात. पण तिचं खरं हत्यार आवाज नाही. समोरचा माणूस सगळं बोलून दमला, की ती मान थोडी कलती करते आणि हळूच म्हणते, "बरं. मंग?" आणि गप्प बसते. मी गावातल्या सगळ्यांच्या नकला करतो. तिचे शब्द मला जमतात, आवाज जमतो, मानही जमते. ते गप्प बसणं काही जमत नाही.

तर काम असं होतं. धनराजकाकांची मुलगी स्नेहल नाशिकला अकरावी सायन्सला आहे. आमच्या फाट्यावर आमदार निधीतून बांधलेला प्रवासी निवारा आहे. निळ्या अक्षरात साहेबांचं नाव, बसायला ग्रॅनाइटचा बाक. फक्त तिथं बस थांबत नाही. निवारा मंजूर झाला, थांबा मंजूर व्हायचा राहिला. त्यामुळे त्यात द्राक्षाचे क्रेट असतात आणि दुपारी पत्ते चालतात. स्नेहल संध्याकाळी पुढच्या गावाला उतरून रस्त्याच्या कडेनं मागं चालत येते. उन्हाळ्यात ठीक. पण दिवस लहान व्हायला लागले तसे धनराजकाका रोज दारात उभे राहायला लागले, आणि एक दिवस म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. नंतर घरी बस. मला नाय सोसवत हे."

आत्या बोलली. "बरं. मंग?"

"मंग काय आक्का, गाडी थांबत नाय तर मी काय करू?"

"तू काय नको करू," आत्या म्हणाली. "तू दिवाळीपर्यंत गप बस."

त्याच आठवड्यात आमदारांची सभा लागली. अधिवेशनात काय केलं, मतदारसंघात काय केलं, हे सांगायला साहेब गावोगाव फिरतात. त्यांचं संपर्क कार्यालय सांभाळणारा महेश आमच्याच गावचा. तो मारुतीच्या पारावर माईक ठेवून "हॅलो, हॅलो, चेक" एवढंच अर्धा तास बोलला. मग साहेब उठले.

"या ठिकाणी मी आपणास सांगू इच्छितो, की द्राक्ष व्यापाऱ्यांच्या नोंदणीच्या संदर्भातलं विधेयक जे आहे, ते त्या ठिकाणी सभागृहात आलं, आणि त्याच्यावर या ठिकाणी मी निश्चितपणानं बोललो."

साहेब उभे कुठं होते आणि बोलले कुठं, हे त्यांनाच माहीत. पण विधेयक कामाचं होतं. बागेचा माल उचलून पळालेला व्यापारी आमच्या गावानंही पाहिलाय, त्यामुळे लोकांनी टाळ्या मनापासून वाजवल्या. मग दाखले झाले, रेशनकार्डं झाली, डोळ्यांचं शिबिर झालं. "आणि उंबरदरी फाट्यावर प्रवासी निवारा. या ठिकाणी काम पूर्ण."

आत्या उभी राहिली. महेशनं लगेच घड्याळ पाहिलं. "आत्या, साहेबांना पुढं कार्यक्रम हाय."

"मला कुठं प्रश्न विचारायचाय? साहेब, विधेयकाचं चांगलं केलं तुम्ही. अन निवारा तर लय भारी हाय. त्याच्यासाठी आम्हा बायांना तुमचा सत्कार करायचाय."

महेशचा चेहरा खुलला. तो शाल शोधायला लागला.

"इथं नाय," आत्या म्हणाली. "निवाऱ्यात. ज्याचा सत्कार, तिथंच शोभतो."

फाट्यावर गेलो तर टोळीतल्या बायांनी क्रेट बाहेर काढून निवारा झाडून ठेवला होता. बाकावर सतरंजी. शाल घातली, नारळ दिला, ओवाळून झालं. साहेब उठायला लागले तशी आत्या म्हणाली, "गुच्छ राहिला, साहेब. आमच्या स्नेहलच्या हातनं द्यायचाय. ती संध्याकाळच्या गाडीत हाय. येतीच हाय गाडी."

"अवश्य," साहेब म्हणाले. "या ठिकाणी थांबतो की मी."

थोड्या वेळानं वळणावर लाल गाडी दिसली.

"साहेब, तुम्हीच हात करा," आत्या म्हणाली. "आम्ही केला तर नाय थांबत. तुमचं ऐकंल."

साहेब पुढं झाले आणि त्यांनी हात वर केला. पण इतक्या निवडणुकांची सवय त्या हाताला. पंजा उघडा, डावीकडून उजवीकडे हलतोय, तोंडभर हसू, अंगावर शाल. ड्रायव्हरनं पाहिलं, कुणा पुढाऱ्याचा सत्कार चाललाय. त्यानं दोनदा हॉर्न दिला, स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावला आणि गाडी निघून गेली. कंडक्टरनंही मागच्या खिडकीतून नमस्कार केला. त्याच्या पुढच्या खिडकीत स्नेहल होती. तिचं तोंड उघडंच राहिलेलं आम्हाला दिसलं.

आम्ही पोरं हसलो. आत्या नाही हसली. "आता पुढच्या गावाला उतरंल, अन चालत येईल. बसा साहेब. चहा घ्या."

महेश कानाशी लागला, "साहेब, निघायचं का?" साहेबांनी खांद्यावरची शाल पाहिली, ताटातला गुच्छ पाहिला, समोर पदर खोचून उभ्या बाया पाहिल्या. ते बसले. हेच ते कोंडणं.

चहा संपला. उजेड उतरला. द्राक्षाच्या काड्या भरलेले ट्रॅक्टर दिवे लावून जायला लागले, आणि प्रत्येक गाडीचा उजेड आला की साहेब रस्त्याकडे बघायचे. शेवटी एका पिकअपच्या उजेडात स्नेहल दिसली. पाठीवर दप्तर, नाकाला ओढणी, रस्त्याच्या अगदी कडेनं, एक पाय गवतात टाकत. ती आली, इतकी माणसं बघून थबकली. आत्यानं गुच्छ तिच्या हातात ठेवला.

"काय झालं? गुच्छ कुणाला द्यायचाय?"

तिनं गुच्छ दिला. साहेबांनी घेतला आणि विचारलं, "रोज अशीच येतेस, बाळा?"

'या ठिकाणी' नाही. 'निश्चितपणानं' नाही. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं सरळ वाक्य, आणि तेवढ्या एकाचीच मला आजवर नक्कल करावीशी वाटलेली नाही.

त्यांनी तिथंच डेपोला फोन लावला. बोलून झाल्यावर म्हणाले, "सोमवारपासून गाडी थांबेल. माझा शब्द."

"बरं," आत्या म्हणाली. यावेळी 'मंग' नव्हतं.

साहेबांच्या गाड्या गेल्यावर मी म्हणालो, "आत्या, नाय थांबायची गाडी. लिहून घे."

"लिहायचं काय त्यात? पैज लाव, अमोल्या. सोमवारी गाडी नाय थांबली, तर माझ्याच दारात बसून माझी नक्कल कर, मी चहा देते वर. अन थांबली, तर गाडीच्या दारात उभं राहून कंडक्टरच्या आवाजात फाट्याचं नाव पुकारायचं. सगळ्या गाडीला ऐकू गेलं पाहिजे."

मी हातावर हात मारला. चहा मला आत्ताच गोड लागायला लागला होता.

सोमवारी सकाळी स्नेहल, आत्या, टोळीतल्या दोन बाया आणि मी निवाऱ्यात उभे. गाडी आली आणि गेली. वेगही कमी केला नाही. स्नेहलला पिकअपमधून जावं लागलं. मी आत्याकडं बघून मान कलती केली. "बरं. मंग?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती रस्ता ओलांडून पलीकडं गेली, जिथून ड्रायव्हरला निवारा दिसतो. तिथं उभी राहून तिनं नीट पाहिलं. मग परत आली आणि कमरेची छाटणीची कात्री काढली.

झालं होतं असं, की महेशनं आदल्या दिवशी बॅनर लावलं होतं. 'उंबरदरी फाट्यास थांबा मिळवून दिल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार.' साहेबांचा फोटो एवढा मोठा, की निवाऱ्याची उघडी बाजू एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत झाकली गेली होती. आम्ही खालून वाकून आत शिरलो होतो आणि फटीतून रस्ता बघत होतो, पण गाडीतून फक्त साहेब दिसत होते, हात हलवताना. मागं उभी असलेली माणसं दिसतच नव्हती.

दोऱ्या कापताना महेश मोटारसायकल टाकून पळत आला. "आत्या, काय करतीस? साहेबांचा फोटो हाय तो."

"साहेबाला आत बसवते. बाहेर ऊन लागतं त्यांना." आणि तिनं ते बॅनर मागच्या भिंतीला बांधलं, सरळ, एक सुरकुती न ठेवता.

संध्याकाळी धनराजकाकाही फाट्यावर आले होते. अजून उजेड होता. वळणावर लाल गाडी दिसली. आत्यानं हात केला, एकच, आडवा, बागेत बायांना थांबवते तसा. ब्रेकचा आवाज आला, धूळ उडाली, दार उघडलं आणि स्नेहल उतरली. काकांनी तिच्या खांद्यावरचं दप्तर घेतलं. घराकडं वळताना एवढंच म्हणाले, "उद्या डबा लवकर भर. पहिली गाडी चुकायला नको."

मी मागच्या मागं सटकत होतो. आत्यानं मान कलती केली.

मी गाडीच्या पायरीवर चढलो आणि नाकातून, लांबवून, पोटापासून ओरडलो, "चला उंबरदरी फाटाऽ, उंबरदरी फाटा कोण हाय काऽ?"

मागच्या सीटवरचा एक म्हातारा दचकून जागा झाला आणि खरंच उतरायला निघाला. कंडक्टरनं त्याला खाली बसवलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "उद्या बी ये. माझा घसा बसलाय."