पुसण्याआधीचे सहा नमुने

माझी आत्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं जंतू शोधते आहे. पेशंट एक आजार घेऊन येतो आणि आमच्याच खाटेवरून दुसरा घेऊन जातो. तो दुसरा पकडणं हे तिचं काम. गोड बोलून तिला गप्प करायला गेलं की ती आणखी मोठ्याने बोलते. हा गुण माझ्यात नाही उतरला. मी त्याच हॉस्पिटलात मॅनेजरांची पत्रं टाईप करते आणि मान खाली घालून असते.

त्या महिन्यात सर्जरी वॉर्डातल्या चार जणांचे टाके पिकले. आत्याने खाटांच्या कठड्यांवरचे नमुने मागितले. आमच्याकडची पद्धत अशी की नमुने घ्यायचे म्हटलं की नर्सबाईंनी आधी जंतुनाशकाने सगळं लख्ख पुसायचं. पाहुणे यायच्या आधी घर आवरतात ना, तसं. मग रिपोर्टात काय डोंबल सापडणार!

नेमका तेव्हाच एका कंपनीचा विक्रेता नवं मशीन घेऊन आला. आत्याच्या काचेच्या बशीत जंतू वाढायला दोन दिवस लागत, हे तासाभरात सांगे. “या तपासण्यांना सध्या प्रचंड मागणी आहे, साहेब,” तो म्हणाला. पुसलेल्या खाटांचे नमुने मॅनेजरांनी त्यात लावायला दिले. पडद्यावर सगळं हिरवं. मॅनेजरांची कळी खुलली. ‘सर्जरी वॉर्ड जंतुमुक्त’ असं प्रमाणपत्र त्यांनी लगेच माझ्याकडून टाईप करून घेतलं. खाली फक्त आत्याची सही हवी होती.

“करा सही, ताई. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, कशाला डोक्याला ताप?” मॅनेजर म्हणाले.

आत्याने एप्रनच्या खिशातून नमुन्यांच्या सहा नळ्या काढल्या. “खाटा त्याच. सकाळी, पुसायच्या आधी मीच घेतलेत. भाऊ, हे लावा.”

विक्रेत्याने मॅनेजरांकडे पाहिलं.

“त्यांच्याकडे काय बघता? तुमचं मशीन काय माणूस बघून बोलतं?”

त्याने मुकाट्याने नळ्या लावल्या. आत्या दारातच खुर्ची टाकून तासभर बसली. सहापैकी पाच लाल.

“हे मशीन आपल्याला नको,” मॅनेजर म्हणाले.

“नका घेऊ. माझ्या बशा दोन दिवसांनी हेच सांगतील.”

तिने प्रमाणपत्र उलटं केलं, कोऱ्या बाजूवर पाच खाटांचे नंबर लिहिले, खाली ठसठशीत सही केली आणि कागद वॉर्डाच्या दारावर चिकटवला. मला अभिमानाने रडू फुटलं, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळपर्यंत कागद कुणीतरी फाडला. आत्याला नोटीस निघाली, तीही मलाच टाईप करावी लागली. दुसऱ्या दिवशी नोटीस खिशात कोंबून ती पुन्हा वॉर्डात गेली. नर्सबाई पहिल्या खाटेपाशी फडकं पिळत उभ्या होत्या. आत्याला बघून त्यांनी फडकं परत बादलीत टाकलं.

“आधी तुम्ही घ्या, ताई,” त्या म्हणाल्या. “मग मी पुसते.”